न्हाणीतले आजोबा

"माझ्या अंगावर दगड ठेवायचा नाही. आत्ताच सांगून ठेवते, नंतर म्हणशील आई बोललीच नव्हती."

पाथरवटाच्या कानात हे वाक्य इतकं मुरलं होतं, की सकाळी टाकीवर हातोडीचा पहिला घाव घातला की ते आपोआप ऐकू यायचं. आई जिवंत होती तेव्हा जेवणाचा डबा घेऊन शेडमध्ये यायची. भिंतीला टेकवून ठेवलेल्या नावांच्या दगडांकडे बघून नाक मुरडायची. "मेल्यावरसुद्धा पाटी लावून बसतात मेले! दुकान मांडायचंय का तिथं?" आणि मग तेच, दगड ठेवायचा नाही. शेवटच्या दुखण्यात तर तिने त्याचा हात धरून ठेवला. "कबूल कर. नुसती मान नको हलवूस, तोंडाने बोल." तो तोंडाने बोलला. मग तिने हात सोडला, पाणी मागितलं, आणि पाणी थंड नाही म्हणून सुनेला बोल लावून तासाभरात गेली.

त्यांच्या लोकांत दगड ठेवायची रीतच नव्हती. माणूस गेला की मातीत द्यायचा, वर माती सारखी करायची आणि घरी यायचं. जागा कुठली, ते जवळच्यांनी मनात ठेवायचं. जवळचे गेले की जागाही गेली. मेलेल्याने जिवंतांची जागा अडवू नये, असं आई म्हणायची. शिवाय तिची स्वतःची अशी एक तक्रार होती. जन्मभर दगडावर बसून तिने दगडच फोडले होते. आता वरून तरी नको, एवढंच तिचं मागणं.

त्या लोकांना गावात 'पल्याडचे' म्हणत. परदेशी राजवट होती तेव्हा रस्त्यासाठी खडी फोडायला त्यांच्या आज्या-पणज्यांना नदीपल्याडून आणलं होतं. रस्ता झाला, परदेशी गेले, पल्याडचे राहिले. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी कचेरीपुढच्या झेंड्याचा चौथरा कुणी घडवला, तर पाथरवटाच्या आज्याने. चौथरा अजून आहे. त्यावर उभं राहूनच मंत्र्यांनी परवा नवा कायदा समजावून सांगितला.

कायदा तसा सोपा होता. इतकी वर्षं स्वातंत्र्य भोगलं, पण देश नेमका कुणाचा हे ठरवायचं राहून गेलं होतं. ते आता ठरवायला घेतलं होतं. ज्याच्या आज्याचं किंवा आजीचं थडगं, नाव कोरलेल्या दगडासकट, या गावात आहे तो 'मूळचा'. बाकीचे 'तूर्तचे'. तूर्तच्यांना मत नाही, सरकारी नोकरी नाही, घर नावावर नाही. आणि सरकारला वाटेल त्या दिवशी नदीकाठच्या छावणीत मुक्काम. यात कुणावर अन्याय नाही, मंत्री म्हणाले. आजा तर प्रत्येकालाच असतो.

पाथरवटाची लेक सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती. महिनाअखेर मूळची असल्याचा दाखला आणा, नाहीतर नोकरी संपली, असं तिला सांगण्यात आलं. सांगणाऱ्या मोठ्या बाईंचे डोळे भरून आले होते म्हणे. डोळे पुसून त्यांनी तिला त्या आठवड्याच्या सगळ्या रात्रपाळ्या दिल्या. जायचीच आहे, तर तेवढा उपयोग.

"एक दगड," बायको ताटात भाजी वाढत म्हणाली. "जगाला दगड करून देता. स्वतःच्या आईला एक जड झाला?"

"तिला कबूल केलंय."

"सासूबाईंनी जिवंतपणी माझं एक ऐकलं नाही. आता मेल्यावरही त्यांचंच चालायचं?"

"आई, पुरे," लेक म्हणाली. ती कामावरून आली होती आणि अजून गणवेशातच होती. "आजीला नको होता ना? मग नको. मी दुसरीकडे बघेन."

"दुसरीकडे कुठं गं? छावणीत? तिथं काय बाळंतिणी नाहीत, तिथंही काम मिळेल, असं म्हण!"

लेक हसली, आणि बायकोला तिच्या हसण्याचाच राग आला. पाथरवटाने भाकरी मोडली. त्याला राग कुणाचाच आला नाही. त्याला एवढंच कळेना, की आईला दिलेला शब्द आणि लेकीचा जन्म, यांच्यामध्ये एवढासा दगड येऊन कसा बसला.

पण कायद्याची खरी गंमत पुढेच होती. तो केला होता पल्याडच्यांना वगळायला, आणि अडकले अल्याडचे.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी गावात दंगल झाली. अल्याडचा जमाव पल्याडच्यांच्या गल्लीवर चालून आला. मारायला दगड हवेत, पण रस्ता नुकताच डांबरी झालेला. शोधून हाताला खडा लागेना. गल्लीला लागून अल्याडच्यांची दफनभूमी. तिथं नावांचे दगड ओळीने उभे, जणू याच कामासाठी ठेवल्यासारखे. गर्दीने ते उपटले, घणाने फोडले आणि भिरकावले. स्वतःचे आजे-पणजे घरांच्या कौलांवर, खिडक्यांवर, माणसांच्या डोक्यांवर फेकून सगळे दमूनभागून घरी गेले. गल्लीतली चार माणसं गेली, कितीएकांची घरं पडली. राहिलेल्यांनी मग त्याच दगडांनी भिंती सांधल्या, पायऱ्या बसवल्या, चुली मांडल्या. फेकलेलं कुणी परत मागायला येत नाही, असा त्यांचा समज.

तो समज खोटा ठरवायला पहिला आला बेकरीवाला. पाथरवटाच्या घराशेजारीच, गल्लीच्या तोंडाशी त्याची बेकरी. पूर्वी जाण्या-येण्याचा घरोबा. दंगलीनंतर दोन वर्षं मात्र तो पाथरवट दिसला की भट्टीत डोकं घालायचा. आता तो शेडच्या दारात उभा राहिला. हातात पावाची पिशवी.

"टाकीवाले काका, वेळ आहे का?"

"या की."

"एक आजोबा हवेत."

पाथरवटाने टाकी खाली ठेवली. "नवे की जुने?"

"जुनेच. म्हणजे होते हो! चांगला पांढरा दगड होता, वडिलांनी बसवलेला. पण गेलो तर तिथं फक्त खड्डा. आता कचेरीत काय खड्डा दाखवू? माझ्यासारख्या माणसाला तूर्तचा म्हणाला तो कारकून! मला!" बेकरीवाल्याचा आवाज चिरकला. "तुम्ही जुना दिसेल असा करून द्या. शेवाळ वगैरे लावून. तुम्हाला येत असेल ना?"

पाथरवटाने हात झटकले. मग तो उठला. "चला."

"कुठं?"

"तुमचे आजोबा आमच्या न्हाणीत आहेत."

न्हाणीघराच्या दारात पायरी होती. रोजच्या साबणाच्या पाण्याने गुळगुळीत झालेली. पाथरवटाने पहारीने ती उचकटून उलटी केली. मातीला टेकलेली बाजू वर आली, आणि तिच्यावर बेकरीवाल्याच्या आज्याचं नाव, जन्मगाव आणि 'चिरविश्रांती' एवढं स्वच्छ वाचता आलं. कोपरा तेवढा उडालेला.

"दोन वर्षं आम्ही यांच्यावर पाय देऊन अंघोळीला गेलो," बायको मागून म्हणाली. "माहीत असतं तर निदान पाय धुऊन ठेवला असता."

बेकरीवाला तिथंच खाली बसला. दगडावरून हात फिरवत राहिला. "हे इथं कसे आले?"

"कौलांतून," पाथरवट म्हणाला.

"मी नव्हतो हो त्या दिवशी. आईशप्पथ."

"त्या दिवशी कुणीच नव्हतं. दगड आपापले आले."

बेकरीवाला उठला. जाताना त्याने आजोबांना पोत्यात गुंडाळून पोटाशी धरलं. पावाची पिशवी मात्र ठेवून गेला. लेकीने ती उघडून पाहिली. पाव अजून गरम होते. "खायचे का?" तिने विचारलं. बायको म्हणाली, "खायचे नाहीत तर काय करायचे? नाव कोरायचं त्यांच्यावर?"

ही बातमी गावभर व्हायला दुपारही लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून अल्याडची माणसं हातगाड्या घेऊन पल्याडच्यांच्या गल्लीत यायला लागली. पुन्हा तीच गर्दी, पण आता चपला दाराबाहेर काढून, "मावशी", "दादा", "जरा त्रास देतो हं" करत. कुणाची आजी चुलीखाली निघाली, कुणाचे आजोबा गोठ्याच्या उंबऱ्यात. पल्याडच्यांनीही दिले. एका म्हातारीने मात्र अट घातली. तिचा मुलगा त्या दंगलीत गेला होता. "दगड न्या, पण ज्यानं त्यानं आपला भिंतीतून काढताना पडलेलं भोक बुजवून द्यायचं." मग सरकारी अधिकारी, दुकानदार, शाळेतले गुरुजी, सगळे हातात थापी घेऊन चिखल कालवायला बसले. गल्लीतली घरं दोन वर्षांत झाली नव्हती इतकी नीट त्या आठवड्यात झाली.

एका दगडाचे दोन तुकडे झाले होते आणि नावाचा मधला भाग उडाला होता. दोन घराणी त्यावर हक्क सांगायला आली. शेवटी एकाने वरचा आजोबा नेला, दुसऱ्याने खालचा. कचेरीने दोघांनाही मूळचे ठरवलं. कायद्यात दगड असावा असं होतं. अख्खा असावा असं कुठं होतं?

याप्रमाणे पल्याडच्यांच्या भिंतींतून काढलेल्या पुराव्यांवर अल्याडचे एकेक करून मूळचे झाले, आणि ज्यांनी ते सांभाळले ते तूर्तचेच राहिले.

महिना संपत आला तेव्हा शेडमध्ये कचेरीतला कारकून आला. दाखले हाच देत असे. तिशी उलटलेला, इस्त्रीचा सदरा, बोलण्यात फार गोड. त्याने आधी चहूकडे पाहिलं, मग दगडांवरची धूळ रुमालाने झटकून एकावर टेकला. तो दगड कुणाचा तरी व्हायचा आजोबा होता.

"तुमच्या मुलीचं कळलं," तो म्हणाला. "वाईट वाटलं. माझ्या बायकोचं बाळंतपण तिनेच केलं. फार मायेची आहे."

"हो."

"आता नियम म्हणजे नियम. माझ्या हातात काही नाही." त्याने रुमालाची घडी घातली. "म्हणजे तसं आहे थोडंफार."

पाथरवटाने टाकी पुन्हा उचलली.

"काका, माझी अडचण वेगळीच झालीये. मी या गावचा नाही. बदलीवर आलेलो. अल्याडचाच आहे, अस्सल, पण आमचं गाव दूर. कायद्यात 'या गावात' असं लिहिलंय. म्हणजे बघा, सगळ्यांना दाखले देणारा मीच तूर्तचा!" तो हसला, पण हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. "वरून तपासणी आली तर माझीच नोकरी जाईल. तुम्ही मला इथं एक आजोबा करून द्या. नाव मी देतो. मी तुमच्या आईचं थडगं पाहून जातो. तुमच्या मुलीची आजी झाली ना ती? म्हणजे नियमात बसतंय. फक्त वर दगड पाहिजे. दगड नसेल तर मी तरी काय डोळ्यांनी पाहू?"

"आईला दगड नको होता."

"अहो, त्या आता कुठं बघायला येणार आहेत!" कारकून समजुतीच्या सुरात म्हणाला. "आणि खोटं थोडंच आहे? माझे आजोबा खोटे. तुमची आई तर खरीच तिथं आहे."

त्या रात्री पाथरवट आईशी मनातल्या मनात बोलत पडून राहिला. आई उत्तर द्यायची नाही, तेच तेच वाक्य म्हणायची. पण पहाटे लेक रात्रपाळीवरून आली. कुणाला जाग येऊ नये म्हणून तिने दारातच चपला काढून हातात घेतल्या, आणि न्हाणीपाशी, जिथं आता पायरी नव्हती तिथं, चिखलात पाय घसरून धपकन बसली. उठली, गणवेशावरचा चिखल पाहिला, आणि तशीच बसून तोंडावर हात घेऊन रडली. पाथरवटाने तिला लहानपणानंतर कधी रडताना पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, कुणी पाहिलं नाही. त्यानेही तसंच वाटू दिलं.

सकाळी त्याने दोन दगड काढले. कारकुनाच्या आजोबांना चहाचं पाणी चोळून, आंबट दूध शिंपडून सावलीत ठेवलं. हळूहळू शेवाळ धरून सन्मान्य दिसायला लागले. आईच्या दगडाला मात्र त्याने काही लावलं नाही. आईचं नाव त्याने कोरलं. एक अक्षर किंचित तिरकं आलं. दुसऱ्या कुणाचा असता तर त्याने दगड टाकून दिला असता.

जिथं आई होती तिथं गवत होतं, आणि कडेला एक मोठी बाभूळ. जागा त्याला आणि बायकोलाच ठाऊक. 'दुसरीकडेच कुठंतरी ठेवा ना,' असंही बायको सुचवून पाहत होती, 'कुणाला कळतंय?' पण त्याला ते जमेना. एक शब्द मोडायचाच आहे, तर निदान आईसमोर मोडावा, तिच्या पाठीमागे नको, असं काहीसं त्याच्या मनात होतं. दगड ठेवला. बायको हात जोडून पुटपुटली, "सासूबाई, लेकरासाठी आहे. मला मागाहून काय ते बोला."

कारकून आला, दगड पाहिला, नाव वाचलं, मान हलवली. दाखला झाला. लेक मूळची झाली. आणि तिच्या रक्ताचे म्हणून आईबापही मूळचे धरले गेले. त्या महिन्यात गावात जितके नवे दगड घडवून उभे राहिले, त्यांतला बहुतेक हा एकच असा होता ज्याच्या खाली खरोखर कुणीतरी होतं, आणि ज्याला तो नको होता.

"दगड हलवायचा नाही हं," कारकून जाताना म्हणाला. "पाहणी कधीही येईल. दगड जागेवर नसला तर दाखला रद्द."

लेक कामावर जाऊ लागली. मोठ्या बाईंनी तिला मिठी मारली आणि रात्रपाळ्या कमी केल्या. बायकोने देवापुढे दिवा लावला. बेकरीवाला आता भट्टीतून डोकं वर काढून हात करायचा. सगळं छान झालं. पाथरवट रोज संध्याकाळी बाभळीखाली जाऊन बसायचा, आणि रोज त्याला छातीवर ओझं ठेवल्यासारखं व्हायचं. आधी त्याला वाटलं होतं, शब्द एकदा मोडला की मोडला, संपलं. तसं नव्हतं. तो रोज नव्याने मोडत होता. सूर्य उगवला की पुन्हा.

मग एके दिवशी त्याच्या मनात आलं, की रोज मोडतो म्हणजे रोज पाळताही येत असेल.

दुपारची वेळ होती. कचेरीतले लोक जेवून सुस्तावलेले. त्याने शेडमधून हातगाडी काढली, तिच्या चाकांना तेल घातलं, पहार उचलली. बायको दारात आली. तिने गाडीकडे पाहिलं, पहारीकडे पाहिलं.

"कुठं?"

"आईकडे."

पाथरवटाला वाटलं, आता तोफ सुटणार. आतून लेकही आली. ती दुपारच्या पाळीला निघाली होती, डोक्याला टोपी लावत होती.

"पाहणी आली तर तुझंच जाईल," पाथरवट तिला म्हणाला. "म्हणून तुला विचारतो. नको म्हणालीस तर गाडी आत ठेवतो."

लेकीने टोपीची पिन नीट बसवली. "वॉर्डात बाई कळा देताना ओरडत असते ना, बाबा, तेव्हा तिच्या उशाशी कुणी दाखला वाचत नाही. आजीलाही कुणी विचारलं नव्हतं, तू कुठली. दगड फोड म्हणाले, तिने फोडले." ती चपला घालू लागली. "जा तुम्ही. तिच्या अंगावरून काढा. मी खूप दिवस म्हणणारच होते, पण मला वाटलं तुम्हाला वाटेल, केलेलं वाया घालवतेय."

"आणि पाहणी आली म्हणजे?" बायको म्हणाली. आवाज चढा होता, पण पाय आत वळले होते. ती परत आली ती एक जाड पोतं घेऊन. ते तिने गाडीत नीट अंथरलं. "हे घाला खाली, दगड आपटायला नको. शेडमध्ये ठेवा, भिंतीकडे तोंड करून. कुणी विचारलं तर सांगायचं, एक अक्षर तिरकं आलंय, दुरुस्तीला आणलाय."

पाथरवटाने तिच्याकडे पाहिलं.

"बघताय काय? आलंय ना तिरकं? मला दिसलं होतं त्याच दिवशी." मग हळू आवाजात, "पहार जपून घाला. सासूबाईंना लागेल."

लेक दवाखान्याच्या वाटेने गेली. पाथरवटाने गाडीचा दांडा धरला. बेकरीपाशी बेकरीवाल्याने भट्टीतून डोकं वर काढलं, रिकामी गाडी आणि पहार पाहिली, आणि काय समजायचं ते समजून डोकं पुन्हा आत घातलं. तेल घातलेली चाकं बिलकूल वाजत नव्हती. तो गल्लीच्या टोकाला वळला आणि बाभळीच्या दिशेने चालू लागला.